अकरा चमचे

रविवारी जेवणं झाली की आई चमच्यांची पेटी काढायची.
निळ्या मखमलीत खाचा बारा,
चमचे अकरा.
रिकाम्या खाचेतली लव
आम्हा पोरांच्या बोटांनी पार झिजलेली.
बारावा कुठे गेला, एवढं विचारायचा अवकाश,
टेबलाभोवती युद्ध सुरू.

लुइटगार्डमावशी म्हणायची, गेभार्डने नेला.
एकोणीस वर्षांचा पोर, बुटात खोचून, पूर्वेला.
पत्रात लिहिलं होतं त्याने:
'इथलं सूप घट्ट असतं, आई.
म्हणजे गोठलेलं.'
पुढचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आलं.
फार सुबक अक्षर. शाळामास्तर असावा, मावशी म्हणायची,
दरवेळी म्हणायची, शाळामास्तर असावा.

छे, आई म्हणायची, तो पडला. तेवीस फेब्रुवारीला.
बावीस मिनिटांत फोर्झहाइम गेलं.
बावीस, कारण आजोबा घड्याळजी,
तळघरात बसून मिनिटं मोजत होते.
त्यांच्या बाकावर तेव्हा घड्याळं होत नव्हती,
बॉम्बचे फ्यूज होत होते. तेही नाजूक काम,
त्याच चिमट्याने, त्याच भिंगातून.
मग भिंत फोडून शेजारच्या तळघरात, तिथून पुढच्या,
शेवटी एन्झ नदीत, कमरेइतक्या पाण्यात,
पेटी आजोबांच्या कोटाखाली.
आई चार वर्षांची. तिला आठवायचा
ओल्या घोंगडीचा वास,
आणि पुलावरून कुणी तरी मारलेली हाक:
वाल्बुर्गा, वाल्बुर्गा.
कोण होती ती?
'मला काय माहीत. पण अजून रस्त्यात
कुणी वाल्बुर्गा म्हटलं, की मी वळते.'

आजी प्लमचा केक कापत ऐकत राहायची
आणि सुरी पुसता पुसता तिसरंच सांगायची. पारास्का.
पोल्ताव्याची पोर, छातीवर 'ओस्ट'ची पट्टी,
कारखान्यात आजोबांच्या शेजारी पितळ घासायला बसवलेली.
'तिला मी दिला. माणसाने सूप काय ओंजळीने प्यायचं?'
यावर सगळे गप्प.
ही गोष्ट सगळ्यांत चांगली होती,
आणि ती खरी असावी असं आम्हाला फार वाटायचं.

हरवलेल्या एकाच्या तीन गोष्टी.
उरलेल्या अकरांची एकही नाही.

चमच्याच्या दांड्यावर वेलबुट्टीत एक अक्षर होतं: ए.
आमचं आडनाव क्लाइनहान्स.
लहानपणी विचारलं तेव्हा आई म्हणाली,
'एसेन. जेवण. जेवणाचा ए.'
मी पंचविशीपर्यंत ते मानलं.

आजोबा गेल्यावर भिंगाच्या डबीत पावती निघाली,
घडी इतकी बारीक, की आधी वाटलं स्प्रिंग आहे.
नोव्हेंबर १९४०. लिलाव.
दुसरा मजला, डावीकडचं दार.
काथिंका एटलिंगर यांचं घरसामान.
चमचे, चांदीचे, पेटीसह, नग बारा.
नऊ मार्क साठ.
खाली आजोबांची सही,
घड्याळजीची, कुठेही न हललेली.

'त्यांना कुठे नेलं?'
'दक्षिणेकडे,' मावशी म्हणाली,
लोक सुट्टीला जातात तसं.
आई कॉफी ओतत होती. कप भरला,
मग बशीही भरली.

आजी आता वृद्धाश्रमात आहे.
माणसांची नावं गेली, गेभार्डचंसुद्धा.
दुपारी मी तिला सूप भरवायला जाते.
चमचा ओठांशी नेला की ती तोंड मिटून घेते.
दाराकडे बघते. मग जिन्यात ऐकू जाऊ नये इतक्या हळू:
'वरच्या बाईंना विचारलंस का?
त्यांचा आहे तो.'

आश्रमाचा आहे, आजी. स्टीलचा. हे बघ, मागे आकडा आहे.

ती चमचा माझ्या हातून काढून घेते, उलटा करते,
दांड्यावरून अंगठा फिरवते,
पुन्हा फिरवते, नीट,
आणि तिकडे सूपावर साय धरत जाते.